थर्माकोलचं गुऱ्हाळ

“नाना असते तर घेतलं असतं.”

हे वाक्य मला शेडच्या फाटकावर सारखं ऐकावं लागतं. परवा ते दुचाकीवरून आलेल्या एका गृहस्थांनी ऐकवलं. त्यांच्या मागे बसलेल्या बाईंच्या मांडीवर मासळीची थर्माकोलची पेटी होती आणि पेटीत अजून मासळीचं पाणी डुचमळत होतं. मी म्हटलं, धुऊन, वाळवून आणा, चिकटपट्टी काढून आणा. गृहस्थांनी गाडीसुद्धा बंद केली नाही. नाना असते तर घेतलं असतं, म्हणाले आणि वळले.

बरोबर आहे. नाना असते तर घेतलंच असतं. नानांनी मेलेली म्हैससुद्धा आत घेतली असती, फक्त ती पांढरी असायला हवी होती.

म्हणून एकदा लिहूनच टाकते. मी आजवर पत्रकं लिहिली. पत्रकाचं एक बरं असतं, शत्रू कोण ते पहिल्याच ओळीत सांगता येतं. चांगदेवनानांच्या बाबतीत ती ओळ मला अजून सुचलेली नाही. नाना आता इथे नाहीत. मुलीकडे, खर्ड्याला असतात. प्रकृती ठणठणीत आहे, असं कळतं. तिचं अंगण त्यांनी एव्हाना थर्माकोलने भरून टाकलं असणार, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

आमचं गाव राहात्याच्या अलीकडे, कालव्याच्या कडेला आहे. नाव सांगत नाही, कारण कालव्यात काय काय तरंगतं ते मी पुढे सांगणार आहे. थर्माकोलचा प्रश्न असा, की तो कुणालाच नको असतो. भंगारवाला रद्दी घेतो, पत्रा घेतो, बाटल्या घेतो. थर्माकोल दाखवला की हात जोडतो. टेम्पो शिगोशीग भरला तरी वजनकाटा जागचा हलत नाही, कारण त्यात सगळी हवाच. मग फ्रिजचं खोकं, टीव्हीचं खोकं, लग्नातली कमान, गणपतीचं मखर, सगळं उकिरड्यावर जातं. तिथे कुणीतरी काडी लावतं आणि काळा धूर शाळेच्या अंगावर येतो. नाहीतर कालवा आहेच. लोकांना वाटतं वाहत्या पाण्यात टाकलं की गेलं. कुठे गेलं? खालच्या गावात गेलं. खालच्या गावातले लोक तुमचे कोण लागतात?

असो. हे पत्रक नाही.

नानांची माझी पहिली भेट आठवडे बाजारात झाली. मी पत्रकं वाटत होते. मथळा होता, ‘थर्माकोल: दारात आलेला राक्षस’. लोक पत्रक घेतात, घडी करतात आणि पुढच्या वळणावर त्यात शेव बांधून घेतात, याची मला सवय आहे. पण मिरचीच्या दुकानापाशी एक उंच, वाळका म्हातारा थांबला, त्याने कपाळावरचा चष्मा नाकावर ओढला आणि पत्रक पहिल्या शब्दापासून मोठ्याने वाचायला सुरुवात केली.

“‘दारात आलेला राक्षस.’ बरं. कुनाच्या दारात?”

“सगळ्यांच्याच,” मी म्हटलं.

“मग पाव्हना झाला की. पानी इचारलं का त्याला?”

मिरचीवाली पदर तोंडाला लावून हसायला लागली. म्हातारा पुढे वाचतच होता.

“‘हा कुजत नाही, मरत नाही, कुठे जात नाही.’ मंग राक्षस कशाला म्हनता बाई, ह्यो तर आमचा मागचा सरपंच. ‘हा विरघळत नाही.’ हितं चुकलं तुमचं. पेट्रोलात टाका, लोन्यावानी इरघळतो.”

मी म्हटलं, पाण्यात विरघळत नाही असं म्हणायचंय. ते म्हणाले, “मग तसं लिव्हायचं. कागुद काय कमी पडला व्हता?” आणि पत्रक नीट चौघडी करून खिशात घातलं. त्या दिवसापासून मी त्यांच्यासाठी ‘पत्रकबाई’ झाले. माझं नाव स्नेहल आहे. ते त्यांना माहीत होतं. त्यांनी ते एकदाही वापरलं नाही.

पुढे कचऱ्यावर काम करणाऱ्या आमच्या गटाला थर्माकोल वितळवायचं एक जुनं मशीन मिळालं. पॅकिंगच्या एका बंद पडलेल्या कारखान्यातून, दात झिजलेलं, पण चालणारं. ग्रामपंचायतीने जनावरांच्या बाजाराची रिकामी शेड दिली आणि अट घातली: दिवाळीपर्यंत इथला माल कुणीतरी विकत नेऊन दाखवा, तर शेड तुमची, नाहीतर मशीन उचला, शेड टायरवाल्याला जाईल. टायरवाला तेव्हाच येऊन भिंती मोजून गेला होता.

मशीन साधं आहे. वर मोठं तोंड. आत दातेरी रूळ, तो थर्माकोलचा चुरा करतो. खाली फिरकीचा लोखंडी दांडा आणि त्याभोवती तापणारं कडं. चुरा पुढे ढकलला जातो, तापतो, त्यातली हवा निघून जाते आणि पुढच्या तोंडातून भिजवलेल्या कणकेसारखा जाड पांढरा दोर बाहेर पडतो. तो साच्यात पाडायचा आणि थंड होऊ द्यायचा. खोलीभर थर्माकोलचा दगडासारखा एक ठोकळा होतो. तो ठोकळा विकला जातो. नगरला एमआयडीसीत मेहबूबभाईंचा छोटा कारखाना आहे, ते त्याच्या फोटोफ्रेमच्या पट्ट्या करतात. तुमच्या घरात आजोबांच्या फोटोभोवती जी नक्षीदार सोनेरी पट्टी आहे ना, ती आतून बहुधा थर्माकोलच असते.

मशीन पहिल्यांदा चालू केलं त्या दिवशी गाव बघायला आलं, बघून गेलं. नाना गेले नाहीत. तोंडातून बाहेर पडणारा तो दोर ते वाकून बघत राहिले. मग म्हणाले, “पत्रकबाई, ह्ये तर आमचंच हाय.”

नाना गुळव्या होते. आमच्या भागातला सगळा ऊस शुगर फॅक्टरीकडे वळण्याआधी कालव्याच्या कडेने गुऱ्हाळं होती. त्यातल्या कुठल्याही गुऱ्हाळात गूळ आला की नाही, रसाची काहील चुलवणावरून उतरवायची की नाही, हे नाना ठरवत. मग गुऱ्हाळं गेली, चुलवणं बुजली, नाना राहिले. त्यांना काम नव्हतं आणि मला मशीनवर उभं राहणारा माणूस नव्हता. सरपंच म्हणाले, “घ्या की ठेवून, तेवढाच त्यांचा वेळ जाईल.” वेळ माझा गेला.

पहिल्या आठवड्यात शेडची भाषा बदलली. मशीन म्हणजे चरक. थर्माकोल म्हणजे ऊस. बाहेर येणारा दोर म्हणजे पाक आणि ठोकळा म्हणजे ढेप. निवडायला येणाऱ्या दोघी बायकाही तसंच बोलू लागल्या आणि मी सभेत सरपंचांना काहीतरी समजावताना “एवढ्या ढेपा तयार आहेत” असं म्हणून गेले. सगळी सभा हसली. आता हा ठोकळा आहे की ढेप, हे मलासुद्धा आठवावं लागतं.

नानांचं ध्यान सांगते. थर्माकोलचे दाणे अंगाला चिकटतात, झटकले की जास्त चिकटतात. नाना संध्याकाळी शेडमधून निघायचे तेव्हा भुवया, मिशा, कानातले केस, सगळीकडे पांढरे दाणे. सदऱ्याच्या खिशात कायम गुळाचा खडा. कुणी थर्माकोल घेऊन आलं की नाना खडा काढून चिमूटभर तोडून हातावर ठेवायचे, त्या गुळालाही दाणे चिकटलेले. मी ओरडायचे, लोकांच्या पोटात जाईल. नाना एकेक दाणा नखाने काढायचे, फुंकर मारायचे आणि द्यायचे. मी त्यांना वाफेसाठी मास्क आणून दिला होता. थर्माकोल तापला की जी वाफ निघते ती चांगली नसते, डोकं धरतं, दीर्घकाळ घेतली तर आणखी वाईट. हे मी त्यांना तोंडी सांगितलं, चित्र काढून सांगितलं, भिंतीवर लिहून लावलं. त्यांनी मास्कात गूळ बांधून ठेवला. “मुंग्या लागत न्हाईत,” म्हणाले.

वाफ बाहेर खेचणारा पंखा लावला, तो ते बंद करून ठेवायचे. का? तर वास कळत नाही. जन्मभर काहिलीवर वाकून वासावरून पाक ओळखलेला माणूस. त्यांना कड्याच्या तापमानाचा काटा दाखवला, तर म्हणाले, “काटा घड्याळात बरा.”

आणि इथून पहिला घोळ सुरू झाला. त्या दिवसांत मी दोन-तीन गावं फिरत होते, शेडवर नव्हते. परत आले तर भिंतीशी ढेपांची ओळ लावलेली आणि सगळ्या ढेपा सोनेरी. पिवळ्याधमक. काही तर तपकिरीकडे झुकलेल्या. नाना ओळीच्या शेवटी उभे, हात मागे बांधून, आणि चेहऱ्यावर असा भाव, की आता मी काहीतरी बोलणार आणि त्यांनी ते नम्रपणे स्वीकारायचं.

“नाना, हे काय आहे?”

“रंग बघा. आसा रंग पूर्वी नगरच्या पेठेत फकस्त आमच्या ढेपीला यायचा.”

“पांढरं पाहिजे होतं.”

“पांढरं म्हंजी कच्चं.”

त्यांनी कड्याचं तापमान वाढवत नेलं होतं. दोर हातात घेऊन, ओढून, पाण्यात बुडवून बघत होते आणि मनासारखा रंग येईपर्यंत थांबत नव्हते. थर्माकोल पिवळा पडतो याचा अर्थ तो जळतोय, त्याची ताकद गेलीय, त्याच्या पट्टीला चिरा पडतात. हे मी त्यांना समजावलं. गूळ आणि थर्माकोल यांत फरक आहे, हेही समजावलं, म्हणजे माणसाला आयुष्यात काय काय समजावावं लागतं ते बघा. नानांनी सगळं ऐकून घेतलं. मग एका ढेपीवर बोटाची गाठ वाजवली.

“खायची न्हाई, मान्य. पन दिसायची तरी का नगं?”

मेहबूबभाईंनी त्या ढेपा अर्थातच नेल्या नाहीत. त्यांनी फोटो पाहिला आणि फोनवर विचारलं, “ताई, गूळ कधीपासून करायला लागल्या?” नानांनी हे वाक्य गावभर कौतुक म्हणून सांगितलं.

पेट्रोलचं प्रकरण मी थोडक्यात आवरते, नाहीतर मला पुन्हा राग येईल. शेडचं छप्पर गळत होतं. एक दिवस मी आत आले तर नाना बादलीत पेट्रोल ओतून त्यात थर्माकोल विरघळवत बसले होते, आणि पाच पावलांवर चहाची चूल पेटलेली. मी चूल विझवली, बादली बाहेर नेली आणि जे बोलायचं ते बोलले. थर्माकोल विरघळवून वेगळा काढायची शास्त्रशुद्ध पद्धत आहे, मोठे कारखाने बंद टाक्यांत ती वापरतात, पण ती बादलीत, विडी कानावर ठेवून करायची नसते. नाना म्हणाले, “पेटलं कुठं?” त्यांचं सगळं तत्त्वज्ञान या दोन शब्दांत बसायचं. दुसऱ्या दिवशी मी यायच्या आत त्यांनी बादलीतला तो डिंक पत्र्याच्या भोकांना फासलेला होता. छप्पर गळायचं थांबलं. शेडला मात्र महिनाभर पेट्रोलपंपाचा वास येत होता आणि मी तेवढा काळ आत काडी ओढू दिली नाही, म्हणून चहा बंद, म्हणून निवडणाऱ्या बायका माझ्यावर रुसलेल्या. नानांवर नाही. माझ्यावर.

पण या सगळ्या कुरबुरी. खरं भांडण फाटकावरचं.

मी फाटकावर फलक लावला होता: स्वच्छ, कोरडा, चिकटपट्टी नसलेला, रंग नसलेला थर्माकोलच घेतला जाईल. अक्षर मोठं, लाल. त्या फलकाखाली खुर्ची टाकून नाना बसायचे आणि येईल त्याला म्हणायचे, “येऊ द्या आत.”

चिखलाचं आलं, येऊ द्या आत. मासळीच्या पेट्या आल्या, येऊ द्या आत. राहात्याच्या एका मंगल कार्यालयाचा टेम्पो आला, त्यात लग्नाची अख्खी कमान, चमकी, सोनेरी रंग, आतून बांधलेली तार. मी फलकावर बोट ठेवलं. टेम्पोवाल्याने नानांकडे पाहिलं. नाना उठले, टेम्पोची मागची फळी स्वतः खाली पाडली.

मी त्यांना बाजूला घेतलं. “नाना, फलक कुणासाठी लावलाय?”

“वाचनाऱ्यासाठी.”

“तुम्ही वाचलाय ना?”

“वाचलाय. चांगला हाय.” मग थोडा आवाज खाली घेऊन, मला लाज वाटू नये म्हणून बहुधा, म्हणाले, “पत्रकबाई, गुऱ्हाळाची एक रीत असती. गुऱ्हाळावर आलेला मानूस रिकामा जात न्हाई. वळखीचा असो, नसो. रस द्या, काकवी द्या, ऊनऊन गूळ पानावर द्या, पन रिकामा न्हाई धाडायचा. आला म्हंजी त्यो आपला.”

“हे गुऱ्हाळ नाहीये.”

“म्हनून उलटं. हितं आलेला मानूस भरलेला परत जात न्हाई.”

बोलायला छान आहे. मला पत्रकात घालावंसं वाटलं, खोटं कशाला बोलू. पण तारेचा तुकडा मशीनच्या फिरकीत जाऊन अडकला, ते काढायला राहात्याहून माणूस आणावा लागला आणि चार दिवस मशीन बंद राहिलं, तेव्हा ती रीत कुठे गेली? नाना त्या माणसाच्या पाना धरलेल्या हातावर गूळ ठेवत होते.

मी तक्रार घेऊन त्यांच्या घरी गेले. हिराकाकू, त्यांच्या मंडळी, वाल सोलत बसल्या होत्या. मी म्हटलं, काकू, तुम्ही तरी सांगा, त्यांना नाही म्हणायला शिकवा. काकूंनी वालाची शेंग मोडली.

“ह्या मानसानं उभ्या जल्मात कुनाला न्हाई म्हटलं न्हाई,” त्या म्हणाल्या. “मला सोडून.”

नाना ओसरीवरून म्हणाले, “कदी म्हटलं?”

“कालच. मोटारीची पाइप बसवा म्हटलं, तर म्हनाले, न्हाई, शेडवर जायचंय.”

मग पेरूचा हंगाम आला. आमच्याकडे पेरू पुष्कळ. व्यापारी एकेका पेरूला पांढऱ्या मऊ फोमची जाळी घालतात, तुम्ही पाहिली असेल. ती जाळी थर्माकोल नाही. थर्माकोल मोडला की कटकन तुटतो, दाणे सुटतात. ही जाळी वाकते, ताणते, तुटत नाही. ते वेगळंच प्लास्टिक आहे आणि दोन्ही एकत्र वितळवले तर ते एकजीव होत नाहीत, तेल-पाण्यासारखे वेगळे राहतात. मी नानांना दोन्ही हातांत देऊन दाखवलं. हे तुटतं, हे घ्या. हे वाकतं, हे नको. त्यांनी स्वतः तोडून पाहिलं, वाकवून पाहिलं, मान डोलावली.

आणि जाळ्यांची पोतीच्या पोती आत घेतली. पांढरी आहेत, हलकी आहेत, माणूस उन्हातून घेऊन आलाय. मी नव्हते तेव्हा घेतली, थोडी थोडी उसात, म्हणजे थर्माकोलात, मिसळून घातली. “चव लागनार न्हाई इतकीच,” असं त्यांनी नंतर मला सांगितलं.

दिवाळी जवळ आली. मेहबूबभाई स्वतः माल बघायला आले, सरपंचही आले. ढेपा पांढऱ्या होत्या, तेवढं मी करून घेतलं होतं. तापमानाच्या बटणावर डबा उलटा बसवून त्याला कुलूपच लावलं होतं. मेहबूबभाईंनी एक ढेप जमिनीवर घेतली, हातोडी मागितली आणि घाव घातला. ढेप दगडासारखी फुटायला हवी होती. ती कांद्यासारखी पापुद्र्यांनी सुटली. मेहबूबभाईंनी एक पापुद्रा ओढला, तो ताणला गेला. त्यांनी दुसरी ढेप फोडली. तिसरी फोडली. तिच्यात चमकीपण होती.

“ताई, याची पट्टी नाही होत,” ते म्हणाले. रागावले नाहीत, हेच वाईट. “भिंतीवर असताना उकलली तर गिऱ्हाईक फ्रेम माझ्या डोक्यात घालंल. ये तो पेरू की जाली है.”

सरपंच माझ्याकडे बघत होते. मी नानांकडे बघत होते. नाना फुटलेल्या ढेपीशी उकिडवे बसले आणि त्यांनी त्या पापुद्र्यावरून बोट फिरवलं.

“मळी न्हाई निघाली,” ते एवढंच म्हणाले. रस उकळताना वर येणारा, काढून टाकायचा मळ, ती मळी.

मेहबूबभाई भला माणूस. म्हणाले, नवा माल करा, निव्वळ, दिवाळीच्या आत मी एकदा टेम्पो पाठवतो. तो पास झाला तर पुढचा सगळा माल माझा. सरपंच म्हणाले, “मॅडम, ही शेवटची संधी समजा. टायरवाला रोज घरी येतोय माझ्या.”

ते गेल्यावर मी नानांना म्हटलं, उद्यापासून फाटकावर मी बसणार. तुम्ही येऊ नका. आत पण नको. माल जाईपर्यंत नको.

मला वाटलं होतं ते वाद घालतील. त्यांच्याशी वाद घालायची माझी पूर्ण तयारी होती. वाक्यं जुळवलेली होती. त्यांनी सदरा झटकला, दाणे उडाले, परत त्यालाच चिकटले. “बरं,” म्हणाले. फाटकापर्यंत गेले, फलकाखाली थांबले.

“पत्रकबाई, परत धाडलेलं कुठं जातं, त्ये बी लिव्हा ह्याच्यावर. जागा हाय खाली.”

मी नाही लिहिलं. कुठे जातं ते मला माहीत होतं. परत पाठवलेला माणूस घरी जाऊन मासळीची पेटी धूत नाही, हे काय मला कळत नव्हतं? शेडवरून परतणारी गाडी कालव्याच्या पुलावर जरा हळू होते आणि पुढे मोकळी जाते. पण त्यासाठी गावाने वर्गवारी शिकायला हवी, मंगल कार्यालयांना दंड हवा, मासळीवाल्यांनी पेट्या परत घ्यायला हव्यात, हे सगळं मी लिहिलं आहे, अर्ज दिले आहेत, ग्रामसभेत बोलले आहे. या सगळ्याला उत्तर म्हणून चांगदेवनानांचं “येऊ द्या आत” पुरणार आहे का? मशीन बंद पडलं तर सगळंच कालव्यात जाईल, धुतलेलं आणि न धुतलेलं. हा साधा हिशोब आहे. हा मी नानांना सांगितला नाही, कारण तो त्यांनी ऐकून घेतला असता, मान डोलावली असती आणि पुढच्या टेम्पोची फळी खाली पाडली असती.

मी फाटकावर बसले. पुष्कळांना परत पाठवलं. कुणी शिव्या घातल्या, कुणी विचारलं, नाना आजारी आहेत का. ढेपा मात्र अशा झाल्या, की हातोडीने फोडल्या तर आत मिठाच्या खड्यासारख्या स्वच्छ.

नाना काय करतात हे मला कालव्यावर पाणी सोडणाऱ्या माणसाकडून कळलं. चिंचा काढायची लांब आकडी घेऊन ते सकाळपासून पुलाखाली उभे असतात आणि जे तरंगत येतं ते काठाला ओढून घेतात. काठावर वाळत घालतात. गुडघ्यापर्यंत पाण्यात. त्या वयात. “काकू वरडून गेल्या दोनदा,” तो म्हणाला. मी म्हटलं, त्यांना सांगा घरी जा. तो म्हणाला, “ताई, तुमीच सांगा, तुमचं आयकत्यात ते.” कोण कुणाचं ऐकतं असं लोकांना वाटेल, त्याचा काही नेम नाही.

मेहबूबभाईंचा टेम्पो आला. त्यांच्या माणसाने ढेपा फोडून पाहिल्या, मेहबूबभाईंना फोन केला, माल भरला. मीही ड्रायव्हरशेजारी बसले, कारण नगरला उतरवताना मेहबूबभाई पुन्हा एकेक ढेप बघणार होते आणि तिथे काही निघालं तर उत्तर द्यायला मी समोर हवी होते. शेडला कुलूप लावून निघालो.

पुलावर नाना उभे होते. धोतर ओलं, अंगात सदरा नाही, भुवयांना दाणे तसेच. दोन्ही हातांत एक मासळीची पेटी धरलेली, मोठी, निळ्या चिकटपट्टीची, पाणी निथळणारी. टेम्पो बघून ते रस्त्याच्या मधोमध आले आणि त्यांनी पेटी थोडी वर उचलली. हात दाखवायला हात मोकळा नव्हता.

ड्रायव्हरने वेग कमी केला. “ताई, म्हातारबुवा पेटी टाका म्हनत्यात मागं. एकच हाय. घेऊ?”

मागे पास झालेला माल होता. त्याच्यावर दिवाळीनंतरची शेड होती, मशीन होतं, दोघी बायकांचं काम होतं. त्या स्वच्छ ढेपांवर ही पेटी पडली असती, तिचं पाणी गळलं असतं, आणि नगरला फळी उघडल्यावर मेहबूबभाईंना सगळ्यात वर ती दिसली असती.

“नका थांबू,” मी म्हटलं.

ड्रायव्हरने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि कडेने गाडी काढली. नाना बाजूला सरले. मी त्यांच्याकडे बघितलं, ते टेम्पोच्या मागच्या भागाकडे बघत होते, माल बघत होते, आणि खरं सांगते, त्यांची मान डोलली. पसंतीची. रंग आवडला असावा.

मग आरशात ते दिसत राहिले. गाडी लांब जातेय हे कळेपर्यंत उभे होते. नंतर त्यांनी ती पेटी डोक्यावर उलटी घेतली, पाणी खांद्यावरून ओघळलं, आणि ते शेडच्या दिशेने चालायला लागले. शेडला कुलूप होतं. किल्ली माझ्या मुठीत होती.